परदेशात राहताना तिथली सरकारी कागदपत्रं ऑनलाइन काढणे – माहिती आणि अनुभव

नीलमोहर (जर्मनी)

मंडळी, आमच्या इथल्या मराठी गटात तोच तो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पोलिसांचा दाखला ऑनलाइन निघतो का, रहिवासाचा दाखला घरबसल्या मिळेल का. उत्तरं येतात 'हो, मिळतो' नाहीतर 'नाही, जावंच लागतं'. दोन्ही अर्धवट. नव्याने आलेला माणूस त्यामुळे आणखी गोंधळतो आणि अगदी शेवटच्या आठवड्यात धावाधाव करत बसतो. म्हणून सगळं एका जागी यावं यासाठी हा धागा.

'ऑनलाइन दाखला' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत: अर्ज ऑनलाइन, आपली ओळख पटवणं ऑनलाइन आणि शेवटी हातात पडणारा कागद ऑनलाइन. बहुतेक देशांत यातलं एखादं तरी ऑनलाइन नसतं. आणि आपण अडकतो ते जवळजवळ नेहमी मधल्या पायरीवर, म्हणजे ओळख पटवण्यावर. फॉर्म भरणं त्यामानाने काहीच नाही. त्यामुळे परक्या देशात उतरल्यावर पत्ता नोंदवून झाला की पुढचं काम तिथली डिजिटल ओळख चालू करून घेणं, असं माझं ठाम मत आहे. कागद लागेल तेव्हा बघू असं म्हणून चालत नाही.

आता जर्मनीचं सांगते. इथला वर्तनाचा दाखला, म्हणजे फ्यूरुंग्सत्सोयग्निस, बॉनमधलं केंद्रीय न्याय कार्यालय देतं. शुल्क १३ युरो. अर्ज त्यांच्या पोर्टलवर होतो, पण तिथे नेहमीसारखं युजरनेम-पासवर्ड नाही. ओळख पटते ती आपल्या रहिवास परवान्याच्या कार्डातल्या चिपवरून. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना सप्टेंबर २०११ पासून जे प्लास्टिक कार्ड मिळतं, त्यातच ही सोय आहे. बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं, कारण कार्ड हातात आल्यावर सगळ्यांची नजर जाते ती 'किती वर्षांचा मिळाला' यावर.

कार्डाबरोबर एक पत्र येतं ते जपून ठेवा. त्यात पाच आकडी पिन, दहा आकडी पुक आणि कार्ड हरवल्यास ही सोय बंद करायचा परवलीचा शब्द असतो. हा पाच आकडी पिन फक्त सुरुवातीचा. आउसवाइसॲप नावाचं सरकारी ॲप फोनवर घ्यायचं, त्यात 'पिन बदला' मध्ये जाऊन पाच आकडी पिन टाकायचा आणि आपला सहा आकडी पिन ठरवायचा. इथून पुढे तोच चालतो.

फोनचं कव्हर काढा. कार्ड टेबलावर सपाट ठेवा, वर फोन ठेवा आणि काम पूर्ण होईपर्यंत दोन्ही हलवू नका. आयफोनला कार्ड वरच्या कडेजवळ लागतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनना पाठीच्या मध्यावर. मध्येच फोन उचलला की संपर्क तुटतो आणि माणसाला वाटतं पिन चुकला. पिन खरोखरच दोनदा चुकला, तर तिसऱ्या वेळी ॲप आधी कार्डावर छापलेला सहा आकडी क्रमांक मागतं. तिसऱ्यांदाही चुकला तर पिन बंद होतो आणि पुक लागतो. पत्रच हरवलं असेल तर परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन नवा पिन बसवून घेता येतो.

एवढं करून अर्ज गेला की दाखला मात्र टपालाने येतो, हिरव्या कागदावर. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या ऑनलाइन, तिसरी टपालपेटीत! दारावरच्या पाटीवर आपलं आडनाव नसेल तर इथला पोस्टमन पत्र टाकत नाही, तेही आधी बघा.

बाकीच्यांनी आपापल्या देशाचं लिहावं, ही विनंती.

सागरगोटा (जपान)

उत्तम धागा. नीलमोहर, तुमचं तीन पायऱ्यांचं म्हणणं जपानलाही लागू पडतं, फक्त इथे तिसरी पायरी कोपऱ्यावरच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमधल्या झेरॉक्स मशीनवर पार पडते.

९ जुलै २०१२ पासून तीन महिन्यांहून जास्त राहणारे परदेशी नागरिकही इथल्या रहिवासी नोंदवहीत येतात. त्यामुळे माय नंबर कार्ड, म्हणजे इथलं चिपवालं सरकारी ओळखपत्र, आपल्यालाही मिळतं. ते असलं की सकाळी साडेसहा ते रात्री अकरापर्यंत स्टोअरच्या मशीनवर रहिवासाचा दाखला (जूमिन्ह्यो) निघतो. मशीनला इंग्रजीही येतं. कार्ड ठेवायचं, चार आकडी पिन द्यायचा, आणि साध्या कागदावर छापलेला दाखला बाहेर येतो. त्याच्या मागच्या बाजूला नकल ओळखता यावी म्हणून दाट नक्षी छापलेली असते. पाठीवर शाई सांडल्यासारखं दिसतं म्हणून तो कागद खराब समजू नका, तीच त्याची खूण.

मशीनवर काय निवडायचं हे महत्त्वाचं. इमिग्रेशनला दाखला लागतो तेव्हा माय नंबर सोडून बाकी सगळा तपशील हवा असतो: राष्ट्रीयत्व, रहिवासाचा प्रकार, मुदत, झाइर्यू कार्डाचा (परदेशी नागरिकाच्या रहिवास कार्डाचा) क्रमांक, घरातल्या सगळ्यांची नावं. मशीन हे सगळं एकेक करून विचारतं, आणि घाईत 'वगळा' दाबलं जातं. छापून बाहेर आलेल्या दाखल्याचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून शेवटचा पडदा नीट वाचूनच पुढे जा.

दुसरा दाखला म्हणजे कर आकारणीचा. व्हिसा वाढवताना आणि कायम रहिवासासाठी हाच सगळ्यात जास्त विचारला जातो. तो देते ती नगरपालिका जिथे तुमची १ जानेवारीला नोंद होती, आज राहता तिथली नव्हे. फेब्रुवारीत घर बदललं असेल तर नव्या गावच्या मशीनवर तो सहसा निघत नाही, जुन्या नगरपालिकेला टपालाने अर्ज करावा लागतो. शिवाय नव्या वर्षाचा दाखला साधारण जूनपासून मिळू लागतो. एप्रिलमध्ये मागितला तर आधीच्या वर्षाचाच येणार, हे धरूनच व्हिसाचं वेळापत्रक आखा.

आणि आता सगळ्यात त्रासाची गोष्ट. आपल्या माय नंबर कार्डाची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते. व्हिसा वाढला म्हणून कार्ड आपोआप वाढत नाही. नवं झाइर्यू कार्ड मिळालं की जुनी तारीख उलटायच्या आत नगरपालिकेत जाऊन माय नंबर कार्डाचीही मुदत वाढवून घ्यायची. ती तारीख टळली की कार्ड बाद, आणि नव्याने अर्ज करण्यापासून सुरुवात. माझ्या ओळखीत हे इतक्या जणांचं झालंय की नवीन कुणी भेटलं की मी आधी हेच सांगतो.

चांदणवेल

वाचनखुणेत टाकला धागा. एक शंका आहे. पीडीएफ मिळाली की प्रिंट काढून दिली तर चालते ना? मला एक विद्यापीठ 'मूळ प्रत' मागतंय आणि माझ्याकडे तर फक्त पीडीएफच आली आहे.

दगडफूल (स्पेन)

@चांदणवेल, हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. पीडीएफवर डिजिटल सही असेल तर ती सही फाइलमध्ये असते, चित्रात नव्हे. प्रिंट काढली की कागदावर उरतो तो सहीचा नुसता फोटो. तुमच्या बाबतीत मूळ प्रत म्हणजे ती फाइलच. म्हणून फाइल जशी आली तशीच पाठवा. ती 'प्रिंट टू पीडीएफ' करून पुन्हा बनवणं, दोन पानं जोडणं, लहान करणं, व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवणं, यातलं काहीही केलं की सही तपासता येत नाही.

काही देशांनी यावर छान तोडगा काढला आहे. स्पेनमध्ये सरकारी दाखल्याच्या कडेला किंवा तळाशी एक लांबलचक पडताळणी कोड छापलेला असतो. समोरच्याने त्या कार्यालयाच्या साइटवर तो कोड टाकला की मूळ दस्तऐवज दिसतो. अशा कागदाची प्रिंट चालते, कारण खरेखोटेपणा कोडवरून कळतो. त्या कोडावर पेनाने खूण करू नका आणि स्कॅन करताना कडा कापू नका.

पण प्रत्येक पीडीएफ म्हणजे दाखला नव्हे. इंग्लंडमधल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून जुन्या नोंदींची पीडीएफ स्वस्तात मिळते, पण ती फक्त माहितीसाठी, पुरावा म्हणून तिला किंमत नाही. पुराव्यासाठी त्यांचा कागदी दाखलाच मागवावा लागतो. तेव्हा आधी विद्यापीठाला मेल टाका आणि तीन प्रश्न विचारा: डिजिटल सहीची फाइल थेट चालेल का, पडताळणी कोड असलेली प्रिंट चालेल का, की शिक्क्याचा कागदच हवा? लेखी उत्तर आलं की मगच पैसे भरा.

आमच्याकडे ओळख पटवायला डिजिटल प्रमाणपत्र लागतं. ते संगणकात बसवलेलं असतं आणि चार वर्षं चालतं. लॅपटॉप बदलताना ते खाजगी किल्लीसकट बाहेर काढून ठेवायचं लक्षात असू द्या, नाहीतर सगळी प्रक्रिया पुन्हा.

मावळवारा

सगळं पटतं, पण एवढी मेहनत कशाला? आमच्या शहरात एजंट आहेत. त्यांना कार्ड आणि पिन दिला की सगळे दाखले काढून देतात. नोकरी सांभाळून भाषा न येणाऱ्या माणसाने हे पोर्टल कसं वाचायचं?

नीलमोहर (जर्मनी)

मावळवारा, भाषेची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण पिन कुणालाही देऊ नका. कळकळीने सांगते. त्या कार्डावर आणि पिनवर फक्त दाखला निघत नाही. त्यावर तुमच्या पेन्शनच्या नोंदी उघडतात, अर्ज जातात, काही ठिकाणी बँकेत खातंही उघडता येतं. जपानमध्ये माय नंबर कार्डाचा जो लांब पासवर्ड असतो, त्यावर केलेली डिजिटल सही कायद्याने तुमचीच सही. मागाहून 'मी नव्हतो' म्हणून काहीही सिद्ध करता येणार नाही.

भाषा अडत असेल तर त्या भाषेतल्या मित्राला शेजारी बसवा, पडद्यावरचं त्याने वाचायचं आणि पिन तुम्ही टाकायचा. एजंटकडे जायचंच असेल तर मुखत्यारपत्र देऊन कागदी अर्ज करता येतो का ते पाहा. वेळ जास्त जाईल, पण किल्ली तुमच्याच खिशात राहील.

सागरगोटा (जपान)

नीलमोहर यांच्याशी शंभर टक्के सहमत. भर म्हणून एक: अनेक जपानी फॉर्म नाव रोमन लिपीत मागतात, पण अक्षरं 'पूर्ण रुंदीची' (जपानी अक्षराइतकी जागा घेणारी) हवीत अशी अट घालतात. साध्या कळफलकावर टंकलेलं नाव मग चुकीचं ठरतं आणि नेमकं काय चुकलं ते संदेशातून कळत नाही. जपानी इनपुट चालू करून पूर्ण रुंदीचा पर्याय घेतला की तेच नाव स्वीकारलं जातं. नाव झाइर्यू कार्डावर आहे त्याच क्रमाने आणि मधल्या जागेसकट लिहा.

पिंपळपान (अमेरिका)

नावावरून आमच्याकडचं सांगतो. आय-९४, म्हणजे देशात प्रवेश केल्याची नोंद, विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून कागदावर मिळत नाही. सरकारी साइटवर फुकट बघता आणि छापता येते. फुकट हा शब्द मुद्दाम लिहितोय, कारण शोध घेतला की पैसे घेणाऱ्या खाजगी साइट वर येतात.

आपल्या पासपोर्टात बऱ्याच जणांचा आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत. अशांच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापतात. आय-९४ सापडत नसेल तर पहिलं नाव म्हणून तेच टाकून पाहा. मधलं नाव पहिल्या नावाबरोबर एकत्र लिहून आणि वगळून, दोन्ही प्रकारे पाहा. सापडली की त्यातली मुदतीची तारीख व्हिसाच्या कागदाशी ताडून बघा.

एफबीआयचा, म्हणजे इथला पोलिसांचा दाखला हवा असेल तर अर्ज ऑनलाइन करून ठरावीक पोस्ट ऑफिसांमध्ये बोटांचे ठसे देता येतात. उत्तर पीडीएफमध्येच येतं. खाजगी मध्यस्थ कंपन्यांमार्फत लवकर मिळतो, पण ती सोय फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहे. आपल्यापैकी एच-१बी वर असणाऱ्यांनी तिकडे पैसे घालवू नयेत.

वेताळटेकडी (इंग्लंड)

ब्रिटनमध्ये आता कागदच उरला नाही. रहिवासाची प्लास्टिक कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, त्यांच्या जागी ई-व्हिसा आला. घरमालक किंवा कंपनी पुरावा मागते तेव्हा आपण आपल्या खात्यातून शेअर कोड काढून द्यायचा. तो ९० दिवस चालतो आणि समोरचा माणूस तो कोड आणि आपली जन्मतारीख टाकून सरकारी पानावरच तपासतो. नोकरी, घरभाडं आणि इतर कामं यांचे कोड वेगवेगळे असतात. घरमालकाला नोकरीचा कोड दिला तर तो चालणार नाही.

इथे एका गोष्टीची काळजी घ्या. भारतीय पासपोर्ट नवा केला की त्याचा क्रमांक त्या खात्यात लगेच भरा. ई-व्हिसा पासपोर्टाशी जोडलेला असतो, आणि विमान कंपनी चेक-इनला नव्या पासपोर्टावर तपासते तेव्हा काहीच दिसत नाही. तिकीट काढायच्या आधी हे उरका. खात्याचा मेल आणि फोन नंबरही स्वतःचा ठेवा, कंपनीचा नको. नोकरी सुटली की तो मेल बंद होतो.

चांदणवेल

दगडफूल, मनापासून आभार. विद्यापीठाचं उत्तर आलं, सही असलेली फाइल थेट त्यांच्या पोर्टलवर चढवायला सांगितली आहे.

आता दुसरा प्रश्न, नीलमोहर ताईंना. माझा भाऊ जर्मनीहून भारतात परत चाललाय. भारतातल्या कंपनीला जर्मन वर्तनाचा दाखला द्यायचाय. त्यावर ॲपोस्टिल (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणूनचं प्रमाणीकरण) करून घेतलं की झालं ना? आणि तो निघून आल्यावर काढला तर?

नीलमोहर (जर्मनी)

चांदणवेल, इथे थांबा. भारत ॲपोस्टिल करारात २००५ मध्ये आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे. त्यामुळे या दोन देशांमध्ये ॲपोस्टिल चालत नाही, ना इकडून तिकडे, ना तिकडून इकडे. जर्मन कागद भारतात अधिकृत करायचा असेल तर लांबचा रस्ता आहे. आधी जर्मन केंद्रीय कार्यालयाकडून अंतिम प्रमाणीकरण आणि मग जर्मनीतल्या भारतीय वकिलातीचा शिक्का. यातलं पहिलं काम दाखल्याच्या अर्जातच मागता येतं. दाखला कोणत्या देशासाठी हवा ते तिथे नोंदवायचं. साधा दाखला मागवला आणि नंतर प्रमाणीकरण आठवलं तर बहुधा नवा अर्जच करावा लागतो.

अर्थात भाऊ ज्या कंपनीला देणार आहे तिला हे सगळं हवंच आहे का, तेही विचारायला सांगा. पुष्कळ खाजगी कंपन्यांना साधा दाखला आणि भाषांतर पुरतं.

निघून आल्यावरही अर्ज करता येतो. कार्ड आणि पिन चालू असेल तर ऑनलाइन, नाहीतर कागदी अर्ज. पण कागदी अर्जावरची सही जर्मन वकिलातीतून, सरकारी कार्यालयातून किंवा नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, म्हणजे आणखी एक फेरी आली. भाऊ अजून जर्मनीतच आहे तर आज संध्याकाळीच ते पिनचं पत्र शोधू दे. शिवाय पत्ता रद्द करताना नगर कार्यालय जो दाखला देतं, तो नक्की घ्यायला सांगा. विमा, इंटरनेट, जिम, सगळ्यांना तोच लागतो. करखात्याचं एल्स्टर खातं नसेल तर तेही निघायच्या आधी उघडू दे, कारण चालू करायचा कोड टपालाने घरच्या पत्त्यावर येतो.

रानजाई (पूर्वी दुबई, आता कॅनडा)

देश सोडण्यावरून लिहिते. अमिरातीत सगळं काही यूएई पासवर (तिथली डिजिटल ओळख) चालतं आणि तो एमिरेट्स आयडी आणि मोबाइल नंबरवर उभा असतो. देश सोडला की लोक पहिल्यांदा सिम बंद करतात, आणि मग पोलिसांचा वर्तनाचा दाखला, भाड्याच्या कराराची नोंद, काहीच उघडत नाही. कॅनडात कायम रहिवासाला, गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलो तिथले पोलिसांचे दाखले लागतात. म्हणजे दुबई सोडून बरीच वर्षं झाली तरी तो प्रश्न मागे येऊ शकतो. पुढे कुठे जायचं ठरलं नसलं तरी दाखल्याची फाइल आधीच काढून ठेवा. मुदतीमुळे पुढे नवा काढावा लागला तरी जुना जवळ असलेला बरा. आणि अमिरात ॲपोस्टिल करारात नाही, तिथल्या कागदांवर परराष्ट्र खात्याचं प्रमाणीकरण घ्यावं लागतं, तेही तिथे असतानाच सोपं.

मावळवारा

नीलमोहर, सागरगोटा, तुमचं म्हणणं मान्य. एजंटकडून कार्ड परत आणलं, पिन बदलायला उद्या नगरपालिकेत जातो. मीही जपानमध्येच आहे. आणखी एक अडचण: व्हिसा वाढवायचा अर्ज ऑनलाइन केलाय, निकाल आलेला नाही, आणि व्हिसा आणि माय नंबर कार्ड दोन्हीची मुदत याच महिन्यात संपतेय. नवं झाइर्यू कार्ड हातात नसताना माय नंबर कार्ड बाद होणार का?

सागरगोटा (जपान)

नाही होणार, पण त्यासाठी उद्याच्या फेरीतच बोला. मुदतीच्या आत अर्ज केलेला असेल तर निकाल येईपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, तुमचं राहणं कायदेशीर धरतात. त्याच आधारावर माय नंबर कार्डाची मुदतही दोन महिने वाढवून मिळते. ती आपोआप मिळत नाही, आणि जुनी मुदत संपायच्या आतच मागावी लागते.

अर्ज कागदावर केला असता तर झाइर्यू कार्डाच्या मागे 'अर्ज चालू आहे' असा शिक्का मिळाला असता. ऑनलाइन अर्जाला तो मिळत नाही. म्हणून इमिग्रेशनकडून अर्ज मिळाल्याचा जो मेल आलाय तो छापून न्या, फोनवरही उघडून ठेवा. सोबत झाइर्यू कार्ड, माय नंबर कार्ड आणि दोन्ही पासवर्ड: चार आकडी पिन, आणि सहा ते सोळा अक्षरांचा लांब पासवर्ड. एजंटला जे माहीत होते ते दोन्ही बदलून घ्या. नवं झाइर्यू कार्ड आलं की पुन्हा एकदा जाऊन पूर्ण मुदत चढवून घ्यायची आहे, तेव्हा खिडकीवरच विचारून ठेवा की त्या वेळी घरातल्या सगळ्यांची कार्डं एकाच माणसाने आणली तर चालतील का. बायको-मुलांची मुदतही बहुधा तुमच्याच व्हिसाबरोबर संपत असेल.